मालगाडीच्या इंजिनाचे नाक, रंग आणि खिडकी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मालगाड्यांच्या नव्या विद्युत इंजिनांना तोंडवळाच नाही, अशी कुरकुर रेल्वेप्रेमींच्या बोलण्यात हल्ली हमखास असते. मधेपुऱ्याला बनणारे बारा हजार अश्वशक्तीचे डब्ल्यूएजी-१२बी (ही सगळी इंजिनांच्या वर्गांची नावे) म्हणजे आडवी करून जोडलेली दोन कपाटे, डब्ल्यूएजी-९ म्हणजे काचा बसवलेला कंटेनर, आणि जुने डब्ल्यूएजी-५ मात्र नाकी-डोळी नीटस, असा साधारण सूर असतो. जुनी इंजिने आम्हालाही आवडतात. पण आकारावरची ही तक्रार बरीचशी अस्थानी आहे असे आमचे मत आहे. ज्यांच्यावरून खरोखर भांडायला हवे त्या गोष्टी वेगळ्याच आहेत. त्या म्हणजे अंगावरचा रंग, क्रमांक आणि कॅबची, म्हणजे चालकाच्या खोलीची, खिडकी. त्यांच्यावर फारसे कोणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

देखणेपणाचा दाखला म्हणून नेहमी पुढे केले जाते ते जीआयपी रेल्वेचे १९२८ सालचे ईएफ/१, म्हणजे पुढचे डब्ल्यूसीजी-१. मधोमध उंच भाग आणि दोन्ही बाजूंना लांब, बसकी नाके. स्वित्झर्लंडमध्ये या घाटणीच्या इंजिनाला मगर म्हणत. आपल्याकडच्या रेल्वे कामगारांनी तिचा खेकडा केला. इंजिन देखणे होते यात वाद नाही, पण ते नाक कोणी शोभेसाठी काढलेले नव्हते. चाके फिरवणाऱ्या त्या काळच्या विजेच्या मोटारी इतक्या अवजड होत्या की चाकांच्या मधल्या जागेत मावत नसत. त्या नाकात ठेवून बाहेरच्या दांड्यांनी चाके फिरवावी लागत. घाटातल्या वळणांवर एवढे लांब धूड वळावे म्हणून अंगाचे तीन तुकडे केले. चार मोटारी मिळून ताकद २६०० अश्वशक्ती, म्हणजे मोटारीमागे ६५०. आज डब्ल्यूएजी-९ची एक मोटार ८५० किलोवॅटची, म्हणजे सुमारे ११४० अश्वशक्तीची असते आणि ती थेट आसाला (चाकांच्या जोडीला जोडणाऱ्या दांड्याला) टेकून दोन चाकांच्या मध्ये बसते. नाकात ठेवायला काही उरले नाही म्हणून नाक गेले. ज्यांना ते पाहायचे असेल त्यांच्यासाठी ४५०२ क्रमांकाचे 'सर लेस्ली विल्सन' दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभे आहे.

मग आजचे इंजिन खोका का? मुख्य कारण हवा. डब्ल्यूएजी-९च्या अंगात तेलात बुडालेला मोठा ट्रान्सफॉर्मर, मोटारींना हवी तशी वीज करून देणारे दोन कन्व्हर्टर आणि दोन बोगींत मिळून सहा मोटारी असतात. (आपण प्रवाशांच्या डब्याला 'बोगी' म्हणतो, रेल्वेच्या भाषेत बोगी म्हणजे डब्याखालचा किंवा इंजिनाखालचा चाकांचा सांगाडा. इथे तोच अर्थ.) या सगळ्यांना गार ठेवायला मोटारींचे ब्लोअर (हवा फेकणारे पंखे) वेगळे, तेलाचे वेगळे, यंत्रखोलीचे वेगळे. यंत्रखोलीत हवा किंचित दाबाखाली ठेवतात, म्हणजे फटींतून धूळ आत शिरण्याऐवजी हवा बाहेर पडत राहते. ही सगळी हवा बाजूच्या जाळ्यांतून आत येते आणि गाळणीत तिला गरगरवून धूळ बाजूला पाडली जाते. चंद्रपूर, बल्लारशा, घुग्घुस या कोळशाच्या पट्ट्यात गाळणी तुंबली की मोटार तापते, यंत्रणा स्वतःहून ताकद कमी करते आणि गाडी चढावर रखडते. म्हणून बाजूची भिंत जितकी सपाट, सरळ आणि जाळ्यांना मोकळी, तितकी बरी. बाजूच्या भिंतीला डौलदार वळण देणे म्हणजे जाळीची जागा खाणे, आणि गाळणी काढा-घालायला फिटरला जास्त कसरत.

दुसरे कारण वजन. मालगाडीचे इंजिन मुद्दाम जड बनवतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर किती जोर लावू शकेल हे त्या चाकावरच्या भारावर ठरते. मूळ डब्ल्यूएजी-९ १२३ टनांचे, सुरुवातीची ओढ ४५८ किलोन्यूटन. म्हणजे इंजिनाच्या वजनाच्या सुमारे ३८ टक्के. डब्ल्यूएजी-१२बी १८० टनांचे, ओढ ७०६ किलोन्यूटन, म्हणजे ४० टक्के. मोटारींवर कितीही बारीक नियंत्रण ठेवा, वाळू टाका, या टक्केवारीच्या फार वर जाता येत नाही. चाक जागच्या जागी घसरते आणि रूळ जळतो. डब्ल्यूएजी-९एच हे भाऊबंद १३२ टनांचे आहे, ते याच कारणाने: ताकद तीच, अंगात वजन वाढवलेले. तेव्हा 'हलक्या धातूचे सडपातळ इंजिन का नाही' या प्रश्नाला मालवाहतुकीत अर्थ नाही.

डब्ल्यूएजी-१२बीचे दोन तुकडेही याच हिशेबातून आले. रुळाला आसामागे साडेबावीस टन सोसतात. १८० टन वाटायला आठ आस हवेत. आठ आस एका सांगाड्याखाली घालून ३८ मीटरचे एकसंध इंजिन केले तर वळणावर त्याचे पोट आतल्या बाजूला आणि टोके बाहेरच्या बाजूला निघतील, फलाटाच्या कडेला आणि शेजारच्या गाडीला घासतील. म्हणून चार-चार आसांचे दोन भाग, प्रत्येकाला एकच कॅब, कायमचे जोडलेले. यात एक फायदा दिसत नाही पण आहे: एका भागाची यंत्रणा बंद पडली तर दुसऱ्यावर गाडी निदान जवळच्या स्थानकापर्यंत नेता येते.

एवढी ताकद कशाला, असेही विचारतात. कोळशाने भरलेल्या ५८ वाघिणींची गाडी ढोबळमानाने पाच हजार टनांची धरू. दोनशेला एक (दोनशे मीटरला एक मीटर) या चढावर नुसते वजन वर खेचायला सुमारे २४५ किलोन्यूटन लागतात. चाकांचे घर्षण वेगळे. एक डब्ल्यूएजी-९ हे काम करते. तीच गाडी कसारा किंवा कर्जतच्या घाटात आणा. तिथे चढ सदतीसला एक. आता लागतात १३२५ किलोन्यूटन. तीन डब्ल्यूएजी-९ची पूर्ण ओढ नुसत्या चढात संपली, घर्षण आणि थांबलेली गाडी हलवणे बाकीच आहे. ही सगळी इंजिने पुढे लावता येत नाहीत, कारण पहिल्या काही वाघिणींचे कप्लर, म्हणजे वाघिणी एकमेकींना जोडणारे आकडे, तेवढी ओढ सोसत नाहीत. म्हणून मागून बँकर, म्हणजे मदतीची इंजिने, ढकलतात. शिवाय मध्येच कप्लर तुटला तर मागचा भाग उताराला घरंगळण्याआधी बँकर त्याला धरतो. घाटात बँकरचे तोंड दिवसभर वाघिणींच्या तोंडाला भिडलेले असते. त्या तोंडावर नाजूक काही बसवून चालेल का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

नाकाचा आग्रह धरणाऱ्यांचे आणखी एक म्हणणे असते की टोकदार तोंडाने वारा कापला जातो आणि वीज वाचते. एक्स्प्रेसला ते लागू आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ताशी १५० किलोमीटरला तो ७५च्या चौपट असतो. मालगाडी बहुतेक वेळ ७५च्या आतबाहेर धावते आणि तिच्या मागे सहाशे मीटरहून लांब वाघिणींची रांग असते. त्यातही रिकाम्या उघड्या वाघिणीत वारा शिरून घुसळतो, त्यामुळे परतीच्या रिकाम्या गाडीला टनामागे हवेचा विरोध भरलेल्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त बसतो. वीज वाचवायची तर उघड्या वाघिणींवर झाकण घालण्याचा विचार करावा; इंजिनाचे नाक तासून हाती फारसे काही लागणार नाही. आणि फायबरचे नाक आपल्या रुळांवर किती टिकते ते ऑक्टोबर २०२२ मध्ये दिसलेच. मुंबई-गांधीनगर वंदे भारतला म्हशी धडकल्या आणि नाकाचा भाग बदलावा लागला. मालगाडीला पुढे गुरे बाजूला सारणारे जाड पोलादी गार्ड हवे, जे वाकले तर शेडमध्ये तापवून ठोकून सरळ करता येते.

तिरक्या काचेचाही थोडा विचार व्हायला हवा. काच जितकी मागे कललेली तितके रात्री चालकापुढच्या डेस्कवरच्या दिव्यांचे प्रतिबिंब तीत उतरते, दिवसा ऊन थेट डेस्कवर येते आणि धूळ जास्त बसते. सिग्नल पाहायचे आहेत त्या माणसासाठी जवळपास उभी, मोठी, खाली सरकणारे वायपर असलेली काच उत्तम. डब्ल्यूएजी-९चे तोंड या बाबतीत कुरूप नाही, समंजस आहे.

इथवर आम्ही कारखान्यांची बाजू घेतली. आता दुसरी.

डब्ल्यूएजी-९ आणि प्रवासी गाड्यांचे डब्ल्यूएपी-७ शेजारी उभी केली तर अनेकांना फरक सांगता येत नाही, कारण अंग जवळपास एकच आहे. मोटारीही त्याच. खरा फरक दातेरी चाकांत: डब्ल्यूएपी-७मध्ये ७२ला २०, डब्ल्यूएजी-९मध्ये १०७ला २१. पहिल्यात आसाच्या एका फेऱ्यासाठी मोटार ३.६ वेळा फिरते, दुसऱ्यात पाचाहून थोडी जास्त. म्हणून एक १४०ने पळते आणि दुसरे १००वर थांबते पण ओढते जास्त. हा फरक गिअरकेसच्या आत आहे, बाहेरून दिसत नाही. बाहेरून दिसतो तो रंग. हिरव्या अंगावर पिवळसर पट्टा म्हणजे माल, पांढऱ्या अंगावर लाल पट्टा म्हणजे प्रवासी. यार्डात काम करणाऱ्याला, स्थानकावरच्या कर्मचाऱ्याला आणि रुळालगत उभ्या असलेल्या माणसाला दुरून कळणारी हीच एक खूण. त्यामुळे वर्गाचा रंग बदलण्याचा मोह टाळावा. नव्या वर्गांना नवे रंग जरूर द्या. २६ मे २०२५ रोजी दाहोदहून पहिले नऊ हजार अश्वशक्तीचे इंजिन बाहेर पडले, त्या मालिकेत १२०० यायची आहेत आणि देखभालीच्या चार ठिकाणांत पुणे आहे. पण एकदा दिलेला रंग सगळ्या शेडमध्ये तोच राहावा: छटा तीच, पट्ट्याची रुंदी तीच, उंची तीच.

रंग कुठे द्यायचा याला जितके महत्त्व, तितकेच तो कुठे द्यायचा नाही यालाही आहे. पुनर्रंग करताना पुढच्या चुका होतात. बाजूच्या जाळ्यांवर फवारा मारला जातो. दोन-तीन थरांनंतर भोके बारीक होतात आणि हवा अडते. खिडकीच्या रबरावर रंग बसला की रबर कडक होऊन तडकते आणि पावसाळ्यात पाणी कॅबमध्ये झिरपते. अर्थिंगच्या जोडावर रंग गेला तर धातूला धातू लागत नाही. बोगीवर काळा चकचकीत थर चढवला की गळणारे तेल आणि सांगाड्यातली बारीक भेग लपते. बोगीला फिकट राखाडी रंग असेल तर टॉर्चच्या उजेडात दोन्ही चटकन दिसतात. उलट कमरेखालच्या पट्ट्यात, बोगीच्या लगेच वर, फिकट रंग देऊ नये. ब्रेक ब्लॉकचा आणि रुळाचा लोखंडी चुरा तिथे बसतो, गंजतो आणि तपकिरी डाग होऊन रंगात मुरतो. कितीही धुवा, पांढरा तिथे पांढरा राहत नाही. तिथे गडद तपकिरी किंवा राखाडीच शोभतो. चिकटवायच्या चित्रांबद्दल एवढेच: त्यांची कडा जाळीपासून हातभर लांब असावी. सुटलेली कडा ब्लोअर ओढून घेतो आणि जाळी झाकली जाते.

पुढच्या तोंडाचा रंग हा जिवाचा प्रश्न आहे. विद्युत इंजिन लांबून फारसा आवाज करत नाही. रुळावर काम करणारा गँगमन आणि रोज मैलोन्मैल चालणारा कीमन यांना ते आधी डोळ्यांनी दिसायला हवे. ब्रिटनमध्ये १९६०च्या दशकापासून इंजिनांचे तोंड पिवळे ठेवत. पुढचे दिवे पुरेसे प्रखर असतील तर त्यातून सूट मिळू लागली ती २०१६ नंतर. आपल्याकडे पुढचा पिवळा पट्टा आहे, पण किडे, काजळी आणि तेलाने तो माखतो. इंजिन पूर्ण धुणे दरवेळी जमणार नाही. पण खेपेआधी काच पुसतात त्याच वेळी तो हातभर पट्टाही पुसायला किती वेळ लागेल? दिव्यांचेही तसेच. एकाच दिव्यावरून गाडी किती लांब आहे आणि किती वेगाने येते आहे याचा अंदाज माणसाच्या डोळ्याला नीट येत नाही. वर एक आणि खाली दोन्ही कडांना दोन असा त्रिकोण असेल तर दिवे एकमेकांपासून लांब जाताना दिसतात आणि अंतर कळते. अमेरिकेत खालचे दोन दिवे याच कारणाने बसवले. इथेही ते नव्या रचनेत मुळापासून यावेत, मागाहून कंस ठोकून लावलेले नकोत.

क्रमांक. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, ए म्हणजे एसी वीज, जी म्हणजे माल, पुढे वर्ग आणि मग पाच आकडी क्रमांक. छंद म्हणून क्रमांक टिपणाऱ्यांसाठीच तो मोठा असावा असे आम्ही म्हणत नाही. धावत्या गाडीचा आस तापून धूर येताना दिसला, वाघिणीचे दार उघडे दिसले, की फाटकावरच्या माणसाला गाडी ओळखून कळवायचे असते. क्रमांक चारही बाजूंना, किमान वीतभर उंचीचा, गडद पाटीवर पांढरा आणि परावर्तक असावा. तो बाजूच्या जाळीवर किंवा पट्ट्याच्या जोडावर कधीच रंगवू नये. डब्ल्यूएजी-१२बीसारख्या जोड इंजिनात कोणता भाग पुढे आहे हेही तितक्याच मोठ्या अक्षरात हवे.

आता खिडकी. वातानुकूलित कॅब हवीच. भुसावळ-अकोला पट्ट्यात मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत जुन्या कॅबमध्ये बसणे ही शिक्षा होती. पण लोको पायलट आणि सहायक यांना धावत्या गाडीतून स्थानकावरच्या कर्मचाऱ्याला 'ऑल राइट'चा झेंडा किंवा दिवा दाखवावा लागतो, आणि वळणावर मागे वळून सगळी गाडी नीट येते ना ते पाहावे लागते. बाजूची काच जड असेल, अडकत असेल, किंवा वारंवार उघडल्याने कॅबमधला गारवा जात असेल तर मागे पाहणे आपोआप कमी होते. त्यावर उपाय महाग नाहीत. बाजूची काच एका हाताने सरकणारी असावी, झेंडा धरण्याच्या उंचीवर. तिच्या वर छोटे छज्जे असावे म्हणजे पावसात उघडता येईल. आणि मागे पाहणारा कॅमेरा असला तरी आरसा काढू नये, कारण धुळीने कॅमेऱ्याचे भिंग मंद होते तेव्हा आरसा हाताने पुसता येतो. शौचालयाची सोय कॅबला लागून, आराखड्यातच असावी, हे इतक्या वर्षांनी वेगळे सांगावे लागू नये.

डिझेलवर थोडक्यात. डब्ल्यूडीजी-४ला एका टोकाजवळ एकच कॅब असते. त्याचे लांब तोंड, म्हणजे कॅबनंतरचा यंत्रांचा लांब भाग, पुढे करून गाडी चालवली की चालकाला आपल्या बाजूचाच रूळ दिसतो. दुसऱ्या बाजूचा सिग्नल सहायकाने पाहून मोठ्याने सांगायचा. म्हणून दोन कॅबचे डब्ल्यूडीजी-४डी आले. मढौऱ्याच्या साडेचार हजार अश्वशक्तीच्या इंजिनाचे मागचे रेडिएटरचे पंख छायाचित्रात झकास दिसतात, आम्हालाही आवडतात, पण कॅब पुन्हा एकच. दिसण्याच्या कौतुकात ही उणीव झाकली जाऊ नये.

शेवटची विनंती जतनाबद्दल. डब्ल्यूएजी-५ १९७८पासून दोन दशके बनले, हजाराहून अधिक, आणि आता ते निवृत्त होत आहेत. चौथऱ्यावर इंजिन ठेवताना सहसा त्याला बागेतल्या घसरगुंडीसारखे रंगवतात. तसे करू नये. आधी ट्रान्सफॉर्मरचे तेल पूर्ण काढावे, बॅटऱ्या बाहेर काढाव्यात, छतावरची छिद्रे बंद करावीत आणि जाळ्यांच्या आतून बारीक तारेची जाळी लावावी, म्हणजे पक्षी आणि पाणी आत जाणार नाही. पँटोग्राफ (वरच्या तारेतून वीज घेणारा छतावरचा सांगाडा) बांधून खाली ठेवावा. वरच्या थरांचा रंग एका कोपऱ्यात घासून खालचा मूळ रंग शोधावा आणि तोच द्यावा, शेडचे नाव आणि क्रमांक त्याच अक्षरात. आणि शेजारी पाटी लावाल तर तीत अश्वशक्ती, वजन, आसभार आणि दातेरी चाकांचे प्रमाण जरूर लिहावे. उद्घाटन करणाऱ्याचे नाव त्याखाली बारीक अक्षरात चालेल.

आपले,
काही रेल्वेप्रेमी वाचक,
भुसावळ